दुसरी दुर्बीण

आमच्या भागात दुर्बीण म्हटलं की बाया आधी पोटावरचा पदर सावरतात. चेष्टा नाही करत मी. सत्त्याण्णव साली ती शेपटीवाली चांदणी निघाली होती, तेव्हा मच्छिंद्र गुरुजींनी कुठून तरी एक मोठी दुर्बीण शाळेसाठी मागून आणली आणि दिवसभर गावात सांगत फिरले, "आज शाळेत दुर्बीण आहे, बायांनी पण यावं, बिलकुल लाजू नये." दिवेलागणीला शाळेच्या मैदानात पुरुष शंभर आणि बाई औषधालाही नाही. दोन सासवांनी तर सुनांना घरात घालून बाहेरून कडी लावली. गुरुजी हिरमुसून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सिस्टर, या बायांना आकाशाचं एवढं वावडं का हो?" माझी हसून हसून पुरेवाट झाली. मग त्यांना सांगितलं, गुरुजी, या गावाला दुर्बीण एकच ठाऊक आहे आणि ती आकाशाकडे लावत नाहीत.

ती म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन. कुटुंब नियोजनाचं. पोटाला बारीक भोक पाडून नळ्या बंद करायच्या, एक टाका, आणि संध्याकाळी बाई आपल्या घरी. मी नोकरीत नवी होते त्या काळात त्याचे कॅम्प लागायचे. बाया पाणवठ्यावर एकमेकींना विचारायच्या, "तुझी दुर्बीण झाली का गं?" धावड्यात आणि बाजूच्या पाच गावांत हा शब्द घरोघरी नेऊन पोचवला तो मीच. मी पुष्पा, उपकेंद्राची नर्स. लोक तोंडावर मला 'शिस्टर' म्हणतात. पाठीमागे तोंडाळ म्हणतात, आणि तेही खोटं नाही.

इंद्रायणीला कॅम्पला नेलं ते मीच. अठ्ठ्याऐंशीचा मार्च होता. माझ्या टार्गेटला एक केस कमी पडत होती आणि आमचे साहेब भर मीटिंगमध्ये नाव घेऊन उभं करायचे. इंद्रायणी तेव्हा चोवीस वर्षांची. नवरा मल्हारी मेंढरं राखायचा, दिवाळी झाली की कळप घेऊन चार महिने बाहेर. पदरात दोन लेकरं, मोठी बेबीनंदा सहा वर्षांची आणि मागचा वसंता दोन वर्षांचा. कॅम्पच्या दारात तिचा पाय अडला.

"शिस्टर, पुढं काही कमीजास्त झालं तर? परत उघडता येतंय का?"

"येतं की," मी म्हणाले. "गाठ मारली तशी सोडायची. त्यात काय?"

अगदीच खोटं बोलले असंही नाही. नळ्या पुन्हा जोडायचं ऑपरेशन असतं, मोठ्या शहरात होतं आणि त्याचा भरवसा नसतो, एवढं मला माहीत होतं. पण ते सगळं सांगत बसले असते तर ती आल्या पावली परत गेली असती. कागदावर 'समजावून सांगितले आहे' अशी एक छापील ओळ होती. तिच्याखाली इंद्रायणीचा अंगठा मी माझ्या हाताने धरून उमटवला.

पुढच्या वर्षी भादव्यात वसंताला ताप आला आणि तो डोक्यात गेला. चौथ्या दिवशी लेकरू गेलं.

महिनाभराने ती उपकेंद्रात आली. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "शिस्टर, सोडा आता ती गाठ." मी म्हणाले, "बघू." पुढच्या महिन्यात ती परत आली, मी परत 'बघू' म्हणाले. तिला घेऊन तडक औरंगाबादला जायला हवं होतं. तिथे असली ऑपरेशनं व्हायची, आणि वय तिच्या बाजूने होतं. पण हे प्रकरण वर गेलं तर साहेब विचारतील, एकुलता मुलगा दोन वर्षांचा असताना एवढी घाई कुणी केली? मी घाबरले. सरळ शब्दांत सांगायचं तर नोकरीला घाबरले. 'बघू, बघू' करत वर्ष काढलं आणि नव्वदला स्वतःच अर्ज करून अंबड तालुक्यात बदली मागून घेतली.

सहा वर्षांनी फिरून याच उपकेंद्रात आले. तोवर इंद्रायणीने विचारणं सोडलं होतं. समोरून आली तर ओळख द्यायची नाही. मीही तिला लांबून पाहिलं की गल्ली बदलायचे. सरपंचाला चारचौघांत झापणारी मी, आणि एका बाईच्या नजरेला नजर देण्याची माझी छाती नव्हती.

दोन हजार सालच्या फेब्रुवारीत कॅन्सरच्या तपासणीची गाडी आमच्या गावाला आली. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवी म्हणतात. शाळेच्या दोन खोल्यांना पडदे लावून तीन दिवस तीस वर्षांवरच्या बाया तपासल्या. तपासणी तशी साधी. पाण्यात सिरका मिसळायचा, कापसाचा बोळा त्यात बुडवून पिशवीच्या तोंडाला लावायचा आणि एक मिनिट थांबायचं. जागा निरोगी असली तर गुलाबी राहते, बिघडलेली असली तर पांढरी पडते. डॉक्टरबाई औरंगाबादहून आल्या होत्या, बारीक अंगाच्या, चष्मेवाल्या. त्यांनी मला नीट समजावलं. पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. बहुतेक वेळा तो व्हायच्या बेतात असतो, आणि व्हायला आठ-दहा वर्षंही घेतो. तेवढ्यात पकडला तर बाई ठणठणीत बरी होते.

मी या वेळी शहाणपण केलं आणि गावभर 'सिरक्याची तपासणी' असंच सांगितलं. दुर्बिणीचा द काढला नाही. एकशे चाळीस बाया आल्या. इंद्रायणीपण आली, माझ्याकडे न बघता आत गेली आणि न बघता बाहेर पडली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला चार नावं दिली. चौघींना जालन्याच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आणायचं होतं. तिथे त्या महिन्यातून दोन गुरुवारी बसायच्या.

"तिथं काय करणार?" मी विचारलं.

"कॉल्पोस्कोपी. पांढरा भाग मोठा करून बघायचा, म्हणजे बिघाड कुठे आहे आणि किती आहे ते कळतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर दुर्बिणीची तपासणी."

मी कपाळावर हात मारला. त्यांना काही कळलं नाही. चौथ्या नावावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "या बाईंना नक्की आणा. पांढरा पट्टा मोठा आहे आणि दाट आहे. इथे वेळ घालवून चालणार नाही."

चौथं नाव इंद्रायणीचं होतं.

पहिल्या तिघींना मी एका सकाळीत पटवलं. इंद्रायणीच्या घरापर्यंत जायला मला चार दिवस लागले. गेले तेव्हा ती अंगणात बसून एका कोकराला बाटलीने दूध पाजत होती. मल्हारी कळपामागे बाहेर होता, बेबीनंदा लग्न होऊन सासरी गेली होती. इंद्रायणीने वर पाहिलं. बस म्हणाली नाही.

"काय हाय?"

"त्या दिवशी शाळेत तपासलं ना," मी उभ्याउभ्याच म्हणाले. "डॉक्टरबाईंना आत थोडं बिघडलेलं दिसलंय. जालन्याला जावं लागतंय. तिथं दुर्बिणीतून बघतेत."

"दुर्बीण?"

बाटली थांबली. कोकरू धडपडायला लागलं. आता ती शिव्या देणार, हाकलून देणार, असं मला वाटलं आणि माझ्या जिभेने एकदम वेग घेतला.

"पोटाची न्हाई गं, ही येगळी दुर्बीण. आतलं जे बिघडलंय ते बघायचं अन् नीट करायचं. बिलकुल घाबरू नको."

"नीट करतेत?"

"बराबर नीट करतेत. जल्दी गेलं तर समदं पहिल्यासारखं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिने माझ्याकडे सरळ बघितलं होतं. मग खाली मान घालून बाटली कोकराच्या तोंडात दिली आणि बारीक आवाजात म्हणाली, "कव्हा जायचं?"

मी उड्या मारतच घरी आले म्हणा ना. एवढ्या वर्षांचा अबोला दोन वाक्यांत सुटला, आणि तोही चांगल्या कामासाठी. माझ्या बोलण्याची मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

बाकीच्या तिघी लग्नसराईमुळे पुढच्या गुरुवारी येणार होत्या, म्हणून आम्ही दोघीच निघालो. एसटीच्या थांब्यावर इंद्रायणी माझ्या आधी येऊन उभी. अंगावर कोरं हिरवं लुगडं, केसांना तेल, हातात नव्या बांगड्या.

"अगं, दवाखान्यात निघालीस का कोणाच्या लग्नाला?" मी म्हणाले.

ती हसली. तिच्या एका गालाला खळी पडते हे मी विसरूनच गेले होते. भोकरदनला गाडी बदलली तेव्हा तिने खिडकीची जागा धरली आणि मला शेजारी बसवून घेतलं. फडक्यात बांधलेल्या दशम्या काढल्या, एक माझ्या हातावर ठेवली. "खा शिस्टर, दुधातल्या हायेत." मी खात होते आणि मनात म्हणत होते, पुष्पाबाई, एवढी माया तुझ्या वाट्याला कुठून आली?

गाडी सुटल्यावर ती म्हणाली, "शिस्टर, वय लई झालं का हो माझं? छत्तीस लागलं."

"छत्तीस म्हणजे काय वय हाय?"

"मला बी तसंच वाटतंय. आमच्या मावशीला चाळिसाव्या वर्षी झाल्तं."

"काय झाल्तं?"

"लेकरू."

दशमीचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. ती खिडकीबाहेर बघत बोलत होती, आणि तिचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता.

"म्या घरी कोणाला सांगितलं न्हाई. मालकाला बी न्हाई. म्हणलं, आधी उघडू तर दे. तुम्ही त्या दिवशी म्हणल्या ना, नीट करतेत, पहिल्यासारखं होतं. तव्हाच मला उमगलं. एका दुर्बिणीनं बंद केलं, तर दुसरीनंच उघडणार ना? अकरा वर्षं तुम्हाला लई शिव्या दिल्या बगा मनात. पण तुम्ही इसरल्या न्हाईत."

माझा शब्द मीच आठवून पाहिला. 'पहिल्यासारखं.' मी कशाबद्दल बोलत होते आणि तिने काय ऐकलं! आणि तिचं काय चुकलं? दुर्बीण या शब्दाचा एकच अर्थ तिला मी शिकवला होता. गाठ सोडता येते हेही मीच सांगितलं होतं. तिने फक्त दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या होत्या.

जालन्याच्या वाटेवरचं राजूर यायला लागलं तेव्हा माझ्या मनात नुसती झोंबाझोंबी चालली होती. आत्ता खरं सांगितलं तर ही राजूरला उतरणार आणि परतीच्या गाडीत बसणार, की संपलं. पुन्हा कुठल्याही दवाखान्याची पायरी चढणार नाही. आणि त्या आजाराने गेलेली बाई मी पाहिली होती. शेवटी शेवटी वास येतो म्हणून घरच्यांनी तिची बाज गोठ्यात टाकली होती. इंद्रायणीला तशी पाहायची माझ्यात ताकद नव्हती. मग गप्प बसावं. एकदा तपासणी होऊ द्यावी, काय काढायचं ते काढू द्यावं, नंतर सांगावं. तिच्या भल्यासाठीच तर आहे. आणि हे मनात येताच मला आठवलं की अठ्ठ्याऐंशी साली कॅम्पच्या दारातही मी स्वतःला हेच सांगितलं होतं, तिच्या भल्यासाठी. राजूर गेलं. मी गप्पच होते.

दवाखान्यात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीने एक कागद पुढे सरकवला, वर नाव लिहिलं, शाईचा पॅड ठेवला आणि म्हणाली, "सिस्टर, पेशंटला समजावून सांगितलंय ना? मग इथे अंगठा घ्या." मी कागद पाहिला. खाली तीच ओळ होती. इंद्रायणीने स्वतःहून हात पुढे केला, अंगठा मोकळा करून, माझ्याकडे विश्वासाने बघत.

मला तो हात धरता आला नाही.

"बाहेर चल," मी म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात एक बाक होतं. तिला बसवलं आणि मी तिच्यासमोर उभी राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी. सगळं सांगितलं. ही दुर्बीण काही उघडत नाही. उघडायचं ऑपरेशन वेगळं असतं, ते तेव्हाच करायला पाहिजे होतं, झालंच असतं असं नाही, पण निदान न्यायला पाहिजे होतं, आणि मी नेलं नाही. नोकरीला भ्याले म्हणून नेलं नाही. आता त्यात अकरा वर्षं गेली. आज जे बघायचंय ते कॅन्सरसाठी बघायचंय. तुझ्या पिशवीच्या तोंडाला पांढरा पट्टा आहे.

माझं संपल्यावर ती उठली, आवारातल्या नळाकडे गेली, तोंडावर पाणी मारलं. पुन्हा मारलं. नव्या लुगड्याचा काठ भिजला. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले तेव्हा ती पाठमोरीच म्हणाली, "तू मला दोनदा फशिवलं."

एवढ्या वर्षांत ती मला तुम्ही म्हणत आली होती. मनातल्या मनात शिव्या देतानासुद्धा तुम्हीच म्हणत असणार. तो 'तू' माझ्या जिव्हारी लागला, आणि माझ्या लायकीचाच होता.

"हो," मी म्हणाले. "दोनदा."

ती फाटकाकडे चालायला लागली. मी तिचा हात धरला नाही. नुसती बरोबर चालत राहिले आणि बोलत राहिले. गोड बोलायची सवय मी जन्मात पहिल्यांदा बाजूला ठेवली.

"जा, मी अडवत न्हाई. पण आता पुरतं ऐकून जा. हा रोग अजून झालेला न्हाई, होऊन राह्यला. आज बघितलं अन् काढलं तर तू वाचशील, हे डॉक्टर छातीठोक सांगतेत. न्हाई काढलं तर कव्हा होईल ते सांगता येत न्हाई. आज तपासताना दुखत न्हाई फार, पण बारीक तुकडा काढतेत तव्हा चिमटा बसतो. थोडं रक्त जातं. लाज तर वाटतेच. अन् लेकरू होणार न्हाई. हे समदं खरं सांगितलं. आता तुझी मर्जी."

ती फाटकाशी थांबली. समोरच्या रस्त्यावरून बैलगाड्या मोंढ्याच्या बाजाराकडे चालल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत होती.

"गोपिकाबाईची पिशवी काढली," ती म्हणाली. गोपिकाबाई म्हणजे तिची थोरली जाऊ. "माझी बी काढतेत का?"

"आज गेलीस तर न्हाई. तोंडाचा तेवढा बिघडलेला भाग गारठवून मारतेत. उशीर केला तर मंग काढावी लागती."

"आज गेलं तर पिशवी राहती?"

"राहती."

"समदी?"

"समदी राहती."

"का पुन्हा फशिवती?"

"न्हाई गं बाई," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. मी कुणासमोर रडत नाही. भाऊ वारला तेव्हाही चुलीपुढे बसून रडले होते, धुराचं नाव करून. पण त्या फाटकात वॉचमनसमोर मी पदराने नाक पुसत उभी राहिले.

इंद्रायणीने माझ्याकडे बघितलं आणि परत फिरली. खिडकीपाशी जाऊन अंगठा तिने तिचा तिनेच उमटवला.

आतल्या खोलीत ती टेबलावर निजली आणि मी तिच्या उशाशी उभी राहिले. ती दुर्बीण म्हणजे एका दांड्यावर बसवलेलं, दोन डोळ्यांनी बघायचं यंत्र होतं. त्याला दिवा होता आणि ते बाईच्या अंगाला शिवतसुद्धा नव्हतं. डॉक्टरबाईंनी प्रत्येक गोष्ट आधी सांगून मग केली. आता सिरक्याचं पाणी लावते, गार लागेल. आता आयोडीन लावते, त्याने चांगली जागा तपकिरी होते, बिघडलेली पिवळी राहते. मग त्या यंत्राला डोळे लावून बघत राहिल्या, चांगली पाच-सात मिनिटं. इंद्रायणीने माझं मनगट धरलं होतं. तुकडा काढताना तिची नखं रुतली.

डॉक्टरबाई सरळ झाल्या. चेहरा मोकळा दिसला. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "तुकड्याचा रिपोर्ट येईल तेव्हा नक्की कळेल, पण मला दिसतंय त्यावरून आजार वरच्या थरातच आहे, आत गेलेला नाही. गार गॅसच्या यंत्राने पंधरा मिनिटांत काम होईल. नंतर मात्र दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, त्यात कुचराई नको." मग हातमोजे काढता काढता, बोलण्याच्या ओघात म्हणाल्या, "वारंवार यायची कटकट नको असेल तर पिशवी काढायचाही विचार करता येईल. मुलं बंद झालेली आहेत. आता तिचं तसं काही काम नाही."

इंद्रायणी उठून बसली. लुगडं गुडघ्यांवर ओढलं.

"काम न्हाई बाई, पण राहू द्या," ती म्हणाली. "माझं लेकरू नऊ महिने ऱ्हायलं तिच्यात. ते गेलं तव्हा लोकांनी त्याचं अंथरूण जाळलं, कपडे जाळले. खेळायची लाकडी गाडी होती, ती बी टाकून दिली, आईच्या नजरंला नको म्हणून. घरात कोणी त्याचं नाव काढत न्हाई. त्याची म्हणायला आता तेवढी एकच जागा ऱ्हायली. मी सहा महिन्याला येईन. तुम्ही म्हणाल तव्हा येईन."

डॉक्टरबाईंचे मोजे बादलीत टाकायचे राहून हातातच राहिले. मग जवळ येऊन त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "राहील. मी आहे ना."

मला फाटकातलं तिचं 'समदी?' तेव्हा कुठे कळलं. आयुष्यभर बायांच्या पिशव्यांची कामं केली, बाळंतपणं केली, टार्गेटं केली, आणि एक बाई आपल्या पिशवीकडे असं बघत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंचा अंदाज बरोबर निघाला होता. पुढच्या गुरुवारी यंत्राने तो भाग गारठवला. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. महिनाभर अंगावरून पाणी जाईल, ओझं उचलायचं नाही, नवऱ्याला लांब ठेवायचं, असं मी तिला बजावलं. ती म्हणाली, "ते मेंढरांमागंच हायेत, लांबच हायेत," आणि आम्ही दोघी हसलो.

परतीच्या गाडीत ती थकून खिडकीला डोकं टेकून बसली होती. माझ्या मनात एक गोष्ट महिनाभर साचली होती. ती तशीच गिळून राहायची माझ्यात हिंमत नव्हती.

"इंद्रायणी," मी म्हणाले, "तव्हा तुला औरंगाबादला न्यायला पाहिजे होतं मी. मला माफ कर."

तिने डोळे उघडले. रागाने नाही, पण नीट विचार करून तिने उत्तर दिलं.

"माफ न्हाई होणार माझ्यानं," ती म्हणाली. "तसं तोंडदेखलं म्हणता येतं, पण मला म्हणायचं न्हाई. म्या लई वाट बघितली तुझी त्या साली."

मी मान हलवली. गाडी राजूरला थांबली, माणसं चढली उतरली, परत सुटली. थोड्या वेळाने तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी स्वतः प्याली, मग माझ्यापुढे धरली.

"सहा महिन्यानं बोलावलंय ना त्या बाईनं?"

"हो. भादव्यात."

"भादव्यात वसंता गेल्याचा दिवस असतो," ती म्हणाली. "तो दिवस गेला की ये. दुसऱ्या कोणाला धाडू नको. मला आतमधी हात धरायला तूच लागती."

पुढे माझी बदली परत एकदा झाली, या वेळी मी न मागता. तरी दर सहा महिन्यांनी, आणि नंतर डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हापासून वर्षातून एकदा, मी रजा टाकून धावड्याला येत होते. भादव्यात तो दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी थांब्यावर इंद्रायणी उभी असायची. तिने मला माफ केलं नाही, आणि मी तिला परत कधी विचारलंही नाही.